रात्री अकराचं पोस्टर

*ताई, नमस्कार.*

*मी 27 वर्षांची आहे. मूळची बार्शीची, गेली सहा वर्षं पुण्यात. चार वर्षांपासून एका ब्रँडिंग एजन्सीत ग्राफिक डिझायनर आहे आणि तीन वर्षांपासून भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक. सुरुवातीला रविवारी लसीकरणाच्या वेळी कुत्री धरायला जायचे. मग त्यांना कळलं की मी डिझायनर आहे. तेव्हापासून त्यांची पोस्टरं, स्टँडी, इन्स्टाच्या पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी कार्डं, सगळं मीच करते. मेसेज बहुतेक रात्री अकराला येतो : 'अर्जंट आहे, सकाळी टाकायचंय.' नाही म्हणवत नाही, पलीकडे कुणाचा तरी जीव असतो.*

*या वर्षी सीनिअर डिझायनरची जागा माझ्यानंतर आलेल्या मुलाला मिळाली. बॉस म्हणाले, 'तुझ्या पोर्टफोलिओत कुत्र्यांशिवाय काही दिसतच नाही.' आई म्हणते, कुत्र्यांच्या नादात करिअरही गेलं आणि स्थळंही. त्यात एजन्सीकडे आता चिकनचा एक ब्रँड आलाय, आणि पॅकेजिंग माझ्याच गळ्यात पडेल असं दिसतंय. गुरुवारी ब्रीफची (क्लायंटला नेमकं काय हवंय ते ठरवायची) मीटिंग आहे. मी दोन वर्षांपूर्वी मांसाहार सोडलाय.*

*नोकरी सोडून संस्थेत पूर्णवेळ जाऊ का? की संस्थेचं काम पोर्टफोलिओतून काढून टाकू? आणि त्या चिकनचं काय करू?*

*– अर्जंट (सही म्हणून हेच सुचलं)*

प्रिय अर्जंट,

तुझं पत्र खूप लांब होतं, इथे जागेपुरतं घेतलंय. पूर्ण पत्रात 'अर्जंट' हा शब्द अकरा वेळा आलाय. मी पेन्सिलने गोल करत गेले. 'डिझाइन' हा शब्द चार वेळा आलाय, त्यातला एकदा तुझ्या हुद्द्यात.

तू दिलेल्या लिंकवर जाऊन सगळं काम पाहिलं. संस्थेची म्हणून तेवीस पोस्टरं आहेत. वाईट एकही नाही. पण तेविसांत वर फोटो, खाली पिवळी पट्टी, पट्टीवर ठळक ओळ, कोपऱ्यात फोन नंबर. कुत्रा बदलतो, नाव बदलतं. हे बघून तुझ्या बॉसचं बोलणं मला अर्धं पटलं. खोट कुत्र्यांत नाहीये. तेवीसच्या तेवीस पोस्टरं मांजरांची किंवा आइस्क्रीमची असती तरी बघणाऱ्याला तेच वाटलं असतं : हिला एक गोष्ट येते आणि ती हिने तेवीस वेळा केलीय. स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. तीन वर्षं तू त्या संस्थेची डिझायनर नव्हतीस, ठरलेल्या साच्यात मजकूर बसवून देणारी डीटीपी ऑपरेटर होतीस. (डीटीपी करणाऱ्यांना कमी लेखत नाहीये. माझा पहिला पगार दादरच्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात डीटीपी करूनच मिळाला. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' मी किती वेळा टाइप केलंय त्याची गणती नाही.)

त्यामुळे 'करिअर की प्राणी' हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुझ्याकडे दोन्हीकडे एकाच गोष्टीचा दुष्काळ आहे. विचार करायला वेळ मिळेल असं एकही काम तू कुठेच घेतलेलं नाहीस.

माझीच एक फजिती सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत जाते त्यांना कुत्रा चावल्यावर काय करायचं याचं पोस्टर हवं होतं. दवाखान्यात, शाळेत लावायला. मी तेव्हा नुकतीच स्वतःचा स्टुडिओ काढलेली, डोक्यात सगळं 'मिनिमल'. शांत निळा रंग, मध्यभागी नळ, नळाखाली साबणाची वडी, खाली बारीक अक्षरात मजकूर. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हा त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे धुणं आणि त्यानंतरची लस यावरच सगळी मदार. पोस्टर छापलं, एका दवाखान्यात लावलं. आठवड्याने गेले तर तिथला वॉर्डबॉय मला विचारतो, "ताई, ही साबणाची जाहिरात दवाखान्यात चालते का?"

मी हसले. मग तिथेच बाकावर दोन तास बसले आणि हसू गेलं. एक बाई पोराला घेऊन आली. पोटरीवर चावा, त्यावर चुना लावलेला. दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी तिखट भरलेलं. म्हणजे लोक घरून काहीतरी करूनच येत होते आणि माझ्या पोस्टरवर त्याचं नावही नव्हतं. पुढच्या आवृत्तीत मी तिखट, हळद, चुना यांची चित्रं काढली आणि त्यांवर लाल फुल्या मारल्या. तीही आपटली. एका आजीने फुलीच्या खालची मिरची बोटाने दाखवत शेजारणीला सांगितलं, "हे बघ, मिरची लावायची." फुली म्हणजे 'नको' हे आपण शाळेत शिकतो. ज्याने शाळा पाहिलेली नाही त्याच्या लेखी ती मिरचीवर पडलेली दोन लाल काठ्यांची नक्षी. तिसऱ्या आवृत्तीत मिरची उडवली. आधी पायाला चावणारा कुत्रा, मग नळाखाली तोच पाय, बाजूला घड्याळ, मग नर्स. चारच चित्रं, डावीकडून उजवीकडे.

पण त्या बाकावर मला जे सापडलं ते पोस्टरवर नव्हतंच. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायच्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28 असे मोजतात. कागदावर तसंच लिहून देतात. आता 'शून्यावा दिवस' ही भाषा आपल्या घरात कोण बोलतं? सोमवारी पहिली सुई घेतली की लोक सोमवार एक, मंगळवार दोन असं मोजतात आणि तिसरा दिवस म्हणून बुधवारी हजर. नर्स सांगते, उद्या या. माणसाचा एक रोज बुडालेला असतो, तो गुरुवारी पुन्हा कुठून बुडवणार? काही लोक मग येतच नाहीत. आम्ही पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं एक कार्ड केलं. त्यावर आकडे नाहीत. चार मोकळे चौकोन, प्रत्येकात तारीख आणि वार नर्सने पेनाने लिहायचा, सुई झाली की बरोबरची खूण. पिवळा कागद, एका रंगात छपाई, मागे काही नाही. लॅमिनेशन मुद्दाम केलं नाही, त्यावर पेन उठत नाही.

माझ्या सगळ्या कामांत हे कार्ड दिसायला सगळ्यात साधं आहे. आणि गेली कित्येक वर्षं कुठल्याही मोठ्या क्लायंटसमोर बसले की मी ते आधी दाखवते. एका बँकेचं काम मला त्याच कार्डामुळे मिळालं. त्यांचा हप्त्याच्या तारखांचा गोंधळ अगदी याच जातीचा होता.

तुझ्या मनात येईल, ताईंना बाकावर दोन तास बसायला वेळ होता. नव्हता. त्या महिन्यात मी संस्थेला बाकी एकही पोस्ट करून दिली नव्हती.

आपल्याकडे याचं सगळ्यांच्या नजरेखालचं उदाहरण म्हणजे कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दीप त्यागी यांनी सरकारी मोहिमेसाठी तो आणला. टोक खाली असलेला एक त्रिकोण. कुठल्याही रंगाऱ्याला काढता येतो, भिंतीवर येतो, आगपेटीवर येतो, वाचता न येणाऱ्यालाही ओळखता येतो. एक कल्पना ठरली आणि ती हजारो हातांनी रंगवली, त्यागींना रात्री अकराला कुणी मेसेज करायची गरज उरली नाही. तुमच्याही संस्थेचं काम नसबंदीचंच आहे की! फक्त पेशंट चार पायांचे.

तर आता तू काय करायचंस.

पहिलं, त्या पिवळ्या पट्टीचा साचा करून टाक. ज्या मोफत ऑनलाइन टूलमध्ये संस्थेतला कुणीही फोटो बदलू शकेल त्यात तीनच साचे : घर हवंय, हरवलंय, मदत हवीय. फोटोची चौकट पक्की, अक्षरांचा आकार पक्का, मजकुराला मर्यादा. एका रविवारी दोघातिघांना शिकव. सुरुवातीचा महिनाभर ते वेडंवाकडं करतील, फोटो ताणतील, सूर्यफुलाचं स्टिकर चिकटवतील. करू देत. कुत्र्याला घर मिळायला तुझ्या कर्निंगची, अक्षरांमधलं अंतर जुळवत बसण्याची, गरज नसते. फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला असावा आणि फोन लागावा, एवढं पुरतं.

साचे करताना एक काम मात्र तुझंच आहे, मराठी. तुझ्या तेवीस पोस्टरांतली एकवीस इंग्रजीत आहेत. तुमची गाडी फिरते भोसरीत, हडपसरला, कात्रजच्या वस्त्यांत, आणि पोस्टर बोलतं उच्चभ्रू कोरेगाव पार्कशी. जी दोन मराठी आहेत त्यात 'निर्बीजीकरण' मधला रफार सुटून र ला पाय मोडलेला दिसतोय, आणि 'घेणाऱ्यांनी' चं 'घेणार्यांनी' झालंय. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू केलेला नाही, किंवा श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर कुठून तरी बदलून आणलाय. हे एजन्सीत क्लायंटच्या पाकिटावर झालं असतं तर तुझी झोप उडाली असती. संस्थेच्या पोस्टरवर मात्र चालतं, कारण ते फुकट आहे! तुझ्या पोर्टफोलिओची खरी दुखणारी नस मला इथे सापडली. मुंबईच्या 'एक टाइप' ने केलेले 'मुक्ता', 'बलू' असे देवनागरी फाँट कुणालाही मोफत आणि परवान्यानिशी वापरता येतात, त्यातला एक निवड आणि संस्थेला तोच लावून दे. ऑफिसच्या लायसन्सचा फाँट संस्थेच्या कामात वापरू नकोस, त्यावर पुढे येते. आणि मजकूर भाषांतरित करू नकोस. 'मोती, वय चार महिने, दूध-भाकरी खातो, रात्री भुंकत नाही, घर हवंय.' बार्शीच्या मुलीला हे लिहायला कुणी शिकवायला नको.

दुसरं, साच्यांमुळे मोकळ्या झालेल्या वेळात वर्षाला एकच काम घे. एकच. पण त्याचा ब्रीफ लिहून घे, मुदत ठरव, जागेवर जाऊन बस, करून लाव, पुन्हा जाऊन बघ, बदल.

कुठलं घेऊ, असं विचारशील. मी तुझ्या जागी असते तर सोसायट्यांमधला खाऊ घालायच्या जागेचा फलक घेतला असता. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांवरचे आदेश आले तेव्हा तुमच्या ग्रुपवर काय रणकंदन झालं असेल याची कल्पना आहे मला, आमच्याकडेही झालं. 11 तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश आला. 22 तारखेला तो बदलला : नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडायची, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडायची नाहीत, आणि खाऊ घालायचं ते नेमून दिलेल्या जागीच, तिथे तसा फलक लावून. प्रकरण त्यानंतरही चालू राहिलं, आदेश येत राहिले. पण 'तसा फलक' हे दोन शब्द वाचून माझ्यातली डिझायनर ताडकन उठून बसली. हा फलक कसा असतो? कुणाशी बोलतो? खाऊ घालणाऱ्या काकूंशी, की ज्यांच्या नातवाला कुत्रा चावलाय त्या चौथ्या मजल्यावरच्या काकांशी? मी पाहिलेला प्रत्येक फलक एकाच बाजूचा होता. एक तर 'कुत्र्यांना खाऊ घालण्यास सक्त मनाई', नाहीतर कलमांची यादी आणि तुरुंगाची धमकी. काकांना त्या फलकावर काय हवंय? वेळ काय, नंतर जागा कोण झाडणार, या गल्लीतल्या किती कुत्र्यांची नसबंदी आणि लस झालीय, कुत्रा अंगावर आला तर फोन कुणाला करायचा. आणि कानाच्या टोकाला काप असलेला कुत्रा म्हणजे नसबंदी झालेला कुत्रा, ही एवढी साधी खूण किती सोसायट्यांत माहीत आहे? एका चित्रात सांगता येईल. काकांना हे सगळं मिळालं तर काकूंचं निम्मं भांडण तिथेच मिटतं. कागदावर नको, जागेवर लाव. पावसाळा काढू दे त्याला. मग पुन्हा जाऊन बघ, कुणी फाडलाय, कुणी काय लिहून ठेवलंय.

एवढं एक काम नीट केलंस तर पोर्टफोलिओतलं बाकीचं तू स्वतःच काढशील. तुझा दुसरा प्रश्न असा सुटतो. संस्थेचं काम लपवायचं नाही, पण तेवीसच्या जागी एक ठेवायचं. एजन्सीची चार कामं, त्यात मधे हे एक. पहिला फलक, दुसरा फलक, बाकावर बसून काय दिसलं, काय बदललं. संस्थेकडून खरे आकडे मिळाले तर दे, नाही मिळाले तर फुगवून सांगू नकोस. माझ्यासारखी माणसं ते लगेच ओळखतात.

मी बारा वर्षं माणसं निवडतेय म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, नगरचा. त्याच्या फोल्डरमध्ये जनावरांच्या एका दवाखान्यातल्या पिंजऱ्यांवरची कार्डं होती. औषधाची वेळ, सलाईन, खायला काय. दवाखान्याने आधी पांढरी कार्डं आणि मार्कर वापरून पाहिला होता, पण पिंजरे रोज फिनाइलने पुसतात आणि त्यात शाईही जायची. रात्रपाळीच्या माणसाला कळायचंच नाही डोस दिला की नाही. याने लिहायचंच काढून टाकलं. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पत्र्याच्या फिरत्या चकत्या, डोस दिला की चकती उलटी करायची. पन्नास-साठ रुपयांत एक. त्याच्या बाकीच्या कामात दोष काढण्यासारखे बरेच होते, पण मी त्याला त्याच दिवशी घेतलं. चकत्यांवर कुत्र्याचं एकही चित्र नव्हतं, हे तुझ्या बॉसना आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता कंटाळवाणं पण गरजेचं. नोकरीचा करार काढ आणि बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाच. विनामोबदला काम असलं तरी काही करारांत आधी परवानगी लागते. लागत असेल तर दोन ओळींचा मेल टाकून लेखी उत्तर घे. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, करारात वेगळं काही नसेल तर, मालकाचं. तू रविवारी घरी केलेलं पोस्टर त्यात बसत नाही. पण तेच ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑफिसच्या फाँटमध्ये केलंस तर वाद घालायला तूच जागा देतेस. उलट बाजूनेही बघ. संस्थेला तू बोधचिन्ह करून दिलंस, पैसे घेतले नाहीत, कागदही केला नाही, तर त्याचा हक्क कायद्याने तुझ्याकडेच राहतो. उद्या तुमचं बिनसलं तर ते कुणाचं? कलम 19 सांगतं की हक्क द्यायचा तर लेखी. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एका पानाचं पत्र कर : हे काम संस्थेला कायमचं, मला पोर्टफोलिओत दाखवायची मुभा. आणि दर कामाचं बिल कर, त्यावर तुझा नेहमीचा दर लिही आणि खाली शंभर टक्के सूट. त्या बिलाने करात काही सुटणार नाही, देणगीवरच्या करसवलतीत वेळ किंवा वस्तू धरत नाहीत, फक्त पैशांची देणगी धरतात. पण 'एक छोटंसं पोस्टर' म्हणणाऱ्याला ते आठ हजारांचं काम आहे हे निदान एकदा दिसतं. माझ्याकडे या एका युक्तीने रात्रीचे मेसेज निम्मे झाले.

नोकरी सोडू का? नको. अजिबात नको. तुमच्यासारख्या संस्थेत येणारा रुपया डॉक्टर, औषधं, गाडीचं डिझेल आणि खाणं यात संपतो. तुला पगार दिला तर तो कुठल्या तरी पिंजऱ्यातून जाणार, आणि तू सहा महिन्यांत त्याच अपराधीपणाने पुन्हा रात्री अकराला पोस्टर करत बसशील, या वेळी पगारी. पैसे घेऊन हे काम करायचंच असेल तर दुसऱ्या बाजूने शिर. कंपनी कायदा 2013 मध्ये सीएसआरचे (कंपन्यांनी करायच्या समाजकामाचे) विषय ज्या अनुसूचीत आहेत, त्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याण हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के त्या अनुसूचीतल्या कामांवर खर्च करायचे असतात. पण कंपनीच्या टेबलावर संस्थेचा जो प्रस्ताव जातो तो बहुतेक वेळा वर्डमध्ये केलेला, तीस पानी, आणि त्यात आधी संस्थापकांचा फोटो. चांगला प्रस्ताव, वाचता येईल असा वार्षिक अहवाल, किती जनावरं आली, किती बरी झाली याचा एका पानाचा तक्ता, हे काम संस्थांना हवं असतं आणि त्याचे पैसे अनुदानाच्या हिशेबात बसवता येतात. वर्षभर एजन्सीत राहून आपल्या संस्थेसाठी एक अहवाल करून बघ. मग दुसऱ्या संस्थेकडे दर सांगून जा. अशा दोन-तीन संस्था आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला, एवढं जमलं की राजीनाम्याचा विषय काढ. तेव्हा मला पत्र लिहिलंस तरी चालेल.

जाता जाता एक विचारायचं राहिलं. रविवारी कुत्री धरतेस म्हणतेस, स्वतः रेबीजची आगाऊ लस घेतलीयस ना? नसेल तर या आठवड्यात डॉक्टरांना विचार. करिअर नंतर.

आईंचं मी काही सोडवू शकत नाही. माझी आई माझ्या मांजरीला पंधरा वर्षं 'ती तुझी सवत' म्हणायची आणि मी गावाला गेले की तिला बोंबलाचं डोकं काढून ठेवायची.

आता चिकन. आधी सांगून टाकते, मी वेंगुर्ल्याची. बांगडा मला सुटलेला नाही, सुटेलसं वाटतही नाही. त्यामुळे या बाबतीत मी तुला पवित्र सल्ला देऊ शकत नाही, धंद्यातला देते. एजन्सीत एखादं काम नको म्हणता येतं. पण ते काम वाटून व्हायच्या आधी, एकट्याने, एका वाक्यात. 'मी या प्रकारच्या ब्रँडवर काम करू शकत नाही, त्याऐवजी दुसरं कुठलंही घ्यायला तयार आहे.' बस. कोंबड्यांची अवस्था, व्हिडिओ, भाषण, काही नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललीस तर ते बॉससाठी बंड होतं, त्याच्या खोलीत बोललीस तर रजेच्या अर्जासारखी एक अडचण. आणि नकार दिल्यावर ब्रीफमधलं काहीही बाहेर, विशेषतः संस्थेच्या ग्रुपवर, जाता कामा नये. मग कितीही राग आला तरी.

नकार चाललाच नाही, आणि घरभाडं तर द्यायचंय, असं झालं तर? तर मी एका जागी पाय रोवीन : पाकिटावर खोटं चित्र काढणार नाही. कोंबडी विकणं हा कायदेशीर धंदा आहे. पण शेडमध्ये दाटीवाटीने वाढलेली कोंबडी पाकिटावर हिरव्या कुरणात, सूर्योदयाच्या प्रकाशात, खोपटापुढे दाणे टिपताना दाखवायची, हे चित्र डिझायनरच्या हातून येतं. तिथे विचारायचं : पक्षी खरंच बाहेर हिंडतात का? हिंडत असतील तर काढते. नसतील तर पाकिटावर नुसता रस्सा दाखवू या, रंग दाखवू या, अक्षरांत खेळू या. हा प्रश्न क्लायंटसमोरही विचारता येतो, कारण खोट्या दाव्याची झळ शेवटी त्यालाच लागते, आणि तुझा बॉसही त्यावर मान हलवील. मी हा प्रश्न एकदा दुधाच्या एका ब्रँडसाठी विचारला होता. कुरण गेलं, त्या जागी पितळी लोटा आला. पाकीट अजून त्याच रूपात विकलं जातं.

मीटिंग गुरुवारी आहे म्हणतेस. बॉसशी बुधवारी बोल, जेवणाच्या सुट्टीनंतर. आणि मंगळवारी रात्री अकराला कुणी पोस्टर मागितलं तर त्याला साच्याची लिंक पाठव.

तुझी,
ताई